म्हात्रे मॅडम आणि कळंबचं लग्न

दिवसातून दोनदा, जेवायच्या सुट्टीआधी आणि संध्याकाळी शटर ओढायच्या सुमाराला, म्हात्रे मॅडम आतल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “हात वर.” आम्ही सगळे आपापल्या कॉम्प्युटरसमोरून हात उचलून खांद्याच्या वर धरायचो, पोलिसांनी पकडल्यासारखे. काउंटरवर एखादं नवीन गिऱ्हाईक असलं तर तेही गांगरून हात वर करायचं. मॅडम आत जायच्या, काहीतरी टाइप करायच्या आणि आतूनच सांगायच्या, “झालं. करा कामं.” यात हसण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नसायचं.

ही आमची नालासोपाऱ्याची फोटो लॅब. फिल्मचे रोल नुकतेच मागे पडले होते आणि डिजिटल कॅमेरे हातोहाती आले होते, त्या वेळची गोष्ट. वसईपासून विरारपर्यंतचे लग्नाचे फोटोग्राफर आमच्याकडे मेमरी कार्डं आणून द्यायचे. आम्ही फोटो सर्व्हरवर उतरवून घ्यायचो, रंग नीट करायचो, अल्बम जुळवून छापून द्यायचो. मी अल्बम डिझाइन करायचे. त्याआधी मुंबईत नोकरी करत होते, मुलगी झाली तेव्हा मनवेलपाड्यातल्या आमच्या घरापासून जवळ काहीतरी हवं म्हणून इथे आले. लॅबचे मालक विनयदादा, स्वतः एके काळचे फोटोग्राफर. आणि सर्व्हर ज्यांच्या ताब्यात, त्या भारती म्हात्रे. त्यांना दादांसकट सगळे मॅडमच म्हणायचे.

मॅडम चाळिशीच्या पुढच्या, बारीक, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना. सर्व्हरच्या खोलीत एसी जोरात चालायचा म्हणून त्या दारात चपला काढून पायमोजे चढवायच्या, आणि विसरून त्याच पायमोज्यांनी दिवसभर लॅबभर फिरायच्या. घर जवळच्या गास गावात. भावांची भातशेती आणि भाजीचा मळा. स्कूटीच्या पुढच्या हुकाला कायम एक पिशवी लटकलेली असायची, तिच्यातून वालाच्या शेंगा, पडवळ, कधी केळफूल निघायचं आणि न विचारता आमच्या टेबलांवर पडायचं. “घेऊन जा, घरी कोणी खात नाही,” असं म्हणायच्या. ते साफ खोटं होतं, पण एवढं एकच खोटं त्या बोलायच्या.

बाकी बाबतीत बाई भलतीच काटेकोर. आपण म्हणावं, “मॅडम, फाइल सेव्ह केली,” की त्या चष्म्यावरून बघणार आणि विचारणार, “केलीस, की केल्यासारखं वाटलं?” दिवसातून चार वेळा तरी हा प्रश्न कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला यायचा. पहिल्या महिन्यात मला त्याचा संताप यायचा. नंतर मी घरी नवऱ्याला विचारायला लागले, गॅस बंद केलास, की केल्यासारखं वाटलं? त्यावरून आमची भांडणं झाली आहेत.

हात वर कशाला, हे मी त्यांना कामाला लागल्यावर आठवड्याभरात विचारलं. जेवायची सुट्टी होती. मॅडमनी डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे वळल्या.

“तुझ्या सासूबाई आहेत ना, त्या समज महिनाभर कोकणात गेल्या. जाताना स्वयंपाकघरावर एक नजर फिरवून गेल्या. कुठल्या डब्यात काय, एवढंच मनात ठेवलं. डबे बरोबर नेले नाहीत, ते फळीवरच आहेत. याला वेळ किती लागतो? काहीच नाही. मी दिवसातून दोनदा घेते तो स्नॅपशॉट म्हणजे ती नजर. कॉपी नाही.”

“मग परत आल्यावर त्यांनी जुनं स्वयंपाकघर मागितलं तर कुठून द्यायचं?”

“सांगते. त्या गेल्या आणि तू तुरीच्या डब्यात साखर भरायला निघालीस. तर मशीन तुझा हात धरतं. म्हणतं, थांब, ही तूर आधी माळ्यावरच्या डब्यात काढून ठेवू, त्यावर चिठ्ठी लावू, मग भर तुझी साखर. ज्या डब्यांना तू हात लावला नाहीस ते जागच्या जागी. सासूबाई परत आल्या की न हललेले डबे फळीवरचे दाखवायचे आणि हललेले माळ्यावरचे. त्यांना वाटतं, सगळं होतं तसं आहे.”

“आणि हात वर?”

“त्यांची नजर फिरत असताना तू डबा अर्धा ओतून उभी असलीस, तर त्यांच्या मनात अर्धा डबाच राहणार. म्हणून तेवढा वेळ कोणी काही हलवायचं नाही.”

मॅडमचं लग्न झालेलं नव्हतं. सासवांविषयीचं हे सगळं ज्ञान त्यांनी आमच्या जेवणाच्या गप्पांतून गोळा केलेलं होतं, आणि ते माझ्या घरापुरतं तंतोतंत खरं होतं. मी हसायला लागले तर त्यांनी बोट वर केलं.

“हसू नको, पुढचं ऐक. माळा भरला की पुढची तूर ठेवायला जागा नाही. मग तो स्नॅपशॉट फुकट गेला. आणि दुसरं, घराला आग लागली तर? फळी जळणार. माळा त्याच घरात, तोही जळणार. वाचला तरी त्याच्यात नुसते हललेले डबे, तेवढ्यावर संसार होत नाही. म्हणून खरी कॉपी दुसऱ्या घरात ठेवायची.”

ते दुसरं घर म्हणजे त्यांचं गासचं घर. दर शनिवारी सगळा नवा माल त्या एका सुट्या डिस्कवर उतरवायच्या, ती डिस्क डब्याच्या रुमालात गुंडाळायच्या आणि स्कूटीवरून घरी न्यायच्या. तिथे ती आईच्या कपाटात, लुगड्यांच्या घडीत राहायची. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. दादांना तर त्याची गरजही पटलेली नव्हती. सर्व्हरमध्ये एकीत लिहिलेलं दुसरीतही आपोआप लिहिलं जाईल अशा दोन डिस्का असताना ही तिसरी कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण मॅडमशी वाद घालायचा म्हणजे “असं आहे, की असं वाटतं?” इथपर्यंत जायचं, म्हणून ते गप्प बसायचे.

मॅडमचं नाव झालं ते मात्र या शनिवारच्या डिस्कमुळे नाही, स्नॅपशॉटमुळे झालं. आमच्यातल्या एका पोराने आगाशीच्या एका लग्नाचे चार-दोन फोटो जुन्या पद्धतीचे, काळेपांढरे करायचे होते, तर सगळं लग्नच तसं करून टाकलं, आणि मूळ फोटोंवरच सेव्ह केलं. नवरीचा लाल शालू, हळदीचा पिवळा, मांडवातली झेंडूची फुलं, सगळं राखाडी. फोटोग्राफरने कार्ड केव्हाच पुसून दुसऱ्या लग्नाला वापरलेलं. पोरगं घामाघूम होऊन उभं राहिलं. मॅडम पायमोज्यांवर चालत आत गेल्या, दुपारच्या हात वरचा स्नॅपशॉट उघडला आणि आम्ही चहा संपवायच्या आत आख्खं लग्न रंगासकट परत आणून ठेवलं.

ही बातमी फोटोग्राफरांमध्ये पसरायला वेळ लागला नाही. त्यांच्यातला रमाकांत म्हणून एक होता, नालासोपारा पश्चिमेकडच्या गावांतली लग्नं तो करायचा. तोंडाचा पट्टा सदा चालू. तो लॅबमध्ये शिरतानाच ओरडायचा, “मॅडम, तुमच्याकडे यमाकडून पण माणूस परत आणता येईल काय?” मेमरी कार्डं तेव्हा महाग होती. सुगीच्या दिवसांत एका कार्डावर लागोपाठ दोन-तीन लग्नं व्हायची. आधी हे लोक पुसायच्या आधी सीडी करून ठेवायचे. आता ते काउंटरवरून नुसतं विचारायचे, “मॅडम, पुसू ना?” आणि मॅडम आतून म्हणायच्या, “पुसा.”

त्या एका शब्दाची त्यांना गोडी लागली होती, असं मला आज वाटतं. वाईट अर्थाने म्हणत नाही. आयुष्यभर मागच्या खोलीत काम केलेल्या बाईला पुढून कोणीतरी मान देऊ लागलं की बरं वाटणारच. त्या थोड्या मोकळ्या झाल्या होत्या. एकदा तर रमाकांतच्या कुठल्याशा विनोदावर खळखळून हसल्या आणि हसल्याबद्दल स्वतःच लाजल्या.

त्या मे महिन्यात लग्नं अशी काही कोसळली की शनिवारची डिस्क भरली. नवीन घ्यायला हवी होती. मॅडमनी ठरवलं, सुगी संपली की दादांना सांगू. पुढच्या शनिवारी डिस्क गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग पाऊस सुरू झाला, गासच्या रस्त्यावर पाणी चढतं, भिजली तर काय घ्या. आणि रोज दोनदा स्नॅपशॉट तर चालूच होते. हे सगळं आम्हांला नंतर कळलं, त्यांच्याच तोंडून. तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही. रुमालात डिस्क आहे की नुसता डबा, हे बघतो कोण?

त्या वर्षांत आमच्याकडे लोडशेडिंग होतं. दुपारची वीज गेली की खालच्या दुकानदारांनी मिळून घेतलेला जनरेटर सुरू व्हायचा. श्रावण लागायच्या आसपासची एक दुपार. वीज गेली, जनरेटरने खोकून खोकून जीव धरला, आणि दिवे एकदम पांढरेफटक होऊन फटकन विझले. आतल्या खोलीतून जळक्या रबराचा वास आला. मॅडमचा डबा अर्धा उघडा होता. तो तसाच ठेवून त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. दादा दारापाशी जाऊन म्हणाले, “मॅडम, स्नॅपशॉट आहेत ना? मग काय घाबरायचं?”

मॅडम दारात आल्या. ऑफिसात त्या अगदी छापील बोलायच्या, घरची बोली आम्ही कधी ऐकलेली नव्हती. त्या म्हणाल्या, “कुनाचंच काय नाय उरलं, दादा.”

विजेच्या दणक्याने दोन्ही डिस्का एकदमच गेल्या होत्या. एकीत लिहिलेलं दुसरीत जायचं, तसं एकीचं मरणही दुसरीला आलं. आणि स्नॅपशॉट त्याच डिस्कांवर. फळी आणि माळा एकाच घरात. मला जे ज्ञान त्यांनी डब्याचं झाकण लावता लावता दिलं होतं, ते त्यांना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल?

डिस्का मुंबईला एका जाणकाराकडे पाठवल्या. तोवर आम्ही काय काय वाचलं त्याचा हिशोब लावत होतो. ज्यांचे अल्बम छापून गेले होते ते सुटले. मेच्या मध्यापर्यंतचं गासच्या कपाटात होतं. त्यानंतरची, अजून छापायची राहिलेली काही लग्नं मात्र जगातून गेली होती. काही आठवड्यांनी डिस्का परत आल्या, त्यांच्याबरोबर थोडे तुकडे. एखाद्या फोटोची वरची पट्टी, खाली नुसता करडा रंग. मॅडम ते तुकडे एकेक करून बघत बसायच्या. हात वर म्हणायचं त्यांनी बंद केलं होतं. आमचे हात मात्र त्या वेळेला आपोआप थबकायचे आणि मग आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळायचो.

दादांनी मार्ग काढला. गिऱ्हाइकांना सांगायचं, व्हायरस आला. तेव्हा व्हायरस म्हटलं की लोक पुढे काही विचारायचे नाहीत. आम्हा सगळ्यांना ते पटलंही. मॅडमनी पायमोजे काढले, चपला घातल्या आणि दादांसमोर येऊन उभ्या राहिल्या. “व्हायरस आलेला नाही. मी शनिवारची कॉपी करायची थांबले. पुसा म्हणून मी सांगितलं. घरोघरी जाऊन मी सांगीन, तुम्ही येऊ नका.”

“मॅडम, कशाला उगाच? लोक तुम्हांला फाडून खातील.”

“खाऊ देत.”

त्यांच्याबरोबर मी गेले. अल्बमची घरं मला माहीत होती आणि त्यांना स्कूटीवर एकटं सोडायला जीव होत नव्हता, एवढंच कारण. पण त्या दिवसांची आठवण आली की आजही माझी कानशिलं गरम होतात. चूक माझी नव्हती. तरी दुसऱ्याची लाज इतक्या जवळून पाहिली की तिचे शिंतोडे आपल्यावरही उडतात.

पहिलं घर नेमकं आमच्याच गल्लीतलं, मनवेलपाड्यात. नवरीचे वडील रिटायर झालेले, देवळात भेटायचे. त्यांनी दार उघडलं ते हसतच, अल्बम आला असं समजून. मॅडमनी खुर्चीवर बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. ते गृहस्थ आत गेले आणि चहा घेऊन आले. म्हणाले, “मशीन आहे, चालायचंच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

मॅडम म्हणाल्या, “मशीनचं नाही, काका. माझं चुकलं.”

ते परत म्हणाले, चालायचंच. मॅडम परत म्हणाल्या, नाही, माझं. चहावर साय धरली. मला त्या माणसाची दया आली; माफ करून मोकळं व्हावं म्हणत होता बिचारा, आणि या बाई त्याला मोकळं होऊ देत नव्हत्या. बाहेर आल्यावर मी तसं बोलूनही दाखवलं. स्कूटी चालू करता करता त्या म्हणाल्या, “शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं.”

त्या शिव्याही मिळाल्या. एका घरात नवऱ्या मुलाने विचारलं, एवढं शिकून तुम्हांला एक कॉपी करता येत नाही? मॅडम म्हणाल्या, येते, मी केली नाही. एका ठिकाणी दार उघडलंच नाही. रमाकांतने शिव्या दिल्या नाहीत. त्याने बोलणंच टाकलं. त्याची चार लग्नं गेली होती, गावातली पत गेली होती. लॅबमध्ये शिरताना तो आता गप्प शिरायचा आणि काउंटरवरूनच परत जायचा. मला वाटतं, मॅडमना सगळ्यांत जास्त ते लागलं.

शेवटचं घर कळंबचं. मासेमारीवालं घर, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. मोठा मुलगा जितू जहाजावर नोकरीला. मेच्या शेवटी लग्न झालं, दोन आठवड्यांनी तो जहाजावर गेला. फोटो तो आला की सगळ्यांनी बसून निवडायचे, म्हणून अल्बम अडून राहिला होता. घरात त्याची आई हिराबाय आणि नवीन सून प्रज्ञा. ओट्यावर जाळं पसरलेलं होतं. हिराबायने आम्हांला बघताच पाट सरकवला. “बसा पोरींनो. पानी घ्या आधी.”

मॅडमनी पाणी घेतलं नाही. उभ्यानेच सांगितलं. प्रज्ञा दारात होती, ती ऐकता ऐकता खाली बसली. हिराबाय म्हणाली, “सगळे गेले? येक पन नाय?”

मॅडमनी पर्समधून पाकीट काढलं. मला ठाऊक नव्हतं की त्यांनी तो तुकडा छापून आणलाय. मुंबईहून या लग्नाचा एकच फोटो आला होता, तोही कपाळापर्यंतचा. वर मांडवाची झालर, खाली फेट्याचा तुरा आणि नवरीच्या केसांतली वेणी. पुढे करडं. हिराबायने तो लांब धरला, मग जवळ आणला आणि तुऱ्यावर अंगठा ठेवला.

“ह्यो आमचा जितू,” ती म्हणाली. मग मॅडमकडे बघून विचारलं, “बाकीचा कवा येल?”

“बाकीचा नाही येणार, मावशी. कधीच नाही.”

हे वाक्य बोलताना मॅडमचा आवाज जराही हलला नाही, आणि मला मात्र त्या जाळ्यात तोंड खुपसून घ्यावंसं वाटलं. हिराबाय उठली. “मंग परत काढा,” ती म्हणाली. “शालू हाय, मांडववाला गावातलाच हाय. कापडं घालून हुबं ऱ्हायाचं, तेवढंच ना?”

“पण जितू?” प्रज्ञा म्हणाली.

“धाकट्याला हुबा करू. मुंडावळ्यांत कोन वळखतो?”

आणि खरंच ते झालं. पितृपक्ष संपल्यावर एका रविवारी कळंबच्या सुरूच्या बनाशेजारी प्रज्ञाचं लग्न परत लागलं, म्हणजे लागलं नाही. हिराबायने आधीच ताकीद दिली होती: अंतरपाट धरायचा नाही, अक्षता टाकायच्या नाहीत, देवाचं दोनदा करायचं नाही. नुसते फोटो. रमाकांत आला. त्याने पैसे घेतले नाहीत आणि मॅडमकडे पाहिलं नाही. नवऱ्याच्या जागी धाकटा दीर, फेटा कानांवर येत असलेला. वहिनीच्या शेजारी उभं राहायचं म्हणून तो दोन हात लांब सरकायचा आणि रमाकांत त्याला परत ढकलायचा. प्रज्ञाला तोवर दिवस गेलेले होते. शालूच्या निऱ्या कशाही बसवल्या तरी पोट दिसायचं. बायका हसून हसून बेजार. कोणीतरी म्हणालं, लग्नाआधीच कसं काय गं, आणि हिराबायने त्या बाईला खोटंखोटं मारलं.

सगळे हसत होते, एक मॅडम सोडून. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्याच विचारून आल्या होत्या. रमाकांतचा पोऱ्या आला नव्हता म्हणून त्यांनी रिफ्लेक्टर उचलला, तो चांदीच्या कागदाचा मोठा गोल पत्रा, चेहऱ्यावर उजेड पाडायला धरतात तो. दुपारभर धरून उभ्या होत्या. हात भरून आले की एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायच्या. मी मागायला गेले तर दिला नाही. नवरा-नवरीकडे त्या बघतच नव्हत्या, मान खाली, आणि उजेड मात्र बरोबर त्यांच्या तोंडावर. ते खोटं लग्न त्यांच्यामुळे उभं होतं आणि त्या घरातले लोक त्यांना जेवून जा म्हणून आग्रह करत होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. त्यांना काय वाटत होतं याचा विचारही नको वाटतो.

त्यानंतर मॅडम लॅबमध्ये वर्षभर होत्या. नवा सर्व्हर आला, दोन सुट्या डिस्का आल्या, एक गासला, एक दादांच्या घरी. पण काउंटरवरून कोणी “मॅडम, पुसू ना?” म्हटलं की त्या स्वतः बाहेर यायच्या आणि सांगायच्या, “पुसू नका. माझ्यावर भरवसा ठेवू नका. सीडी करा, मग पुसा.” नव्या गिऱ्हाइकासमोर हे असं. दादांनी दोन-तीनदा समजावलं, मग तेही थकले. पुढे मॅडमनी एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. जाताना कोणाकडून निरोपसमारंभ घेतला नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या टेबलांवर वालाच्या शेंगा होत्या.

माझी त्यांची गाठ अधूनमधून पडायची ती कळंबच्याच निमित्ताने. प्रज्ञाला मुलगी झाली, तिच्या प्रत्येक वाढदिवसाला हिराबाय आम्हा दोघींना न चुकता बोलवायची. मॅडम यायच्या. केळी आणायच्या, दहा मिनिटं बसायच्या, निघायच्या. बसायच्या त्या ठरलेल्या जागी, भिंतीकडे पाठ करून. त्या भिंतीवर फ्रेम होती. खोट्या लग्नाच्या फोटोंमधला नेमका तोच हिराबायने लावला होता ज्यात सगळे हसत सुटलेत, धाकट्याचा फेटा नाकावर आलाय, आणि कडेला, कापायची राहून गेली म्हणून, म्हात्रे मॅडम मान खाली घालून रिफ्लेक्टर धरून उभ्या आहेत. जितू सुट्टीवर आला तेव्हा त्यालाही तो फोटो एवढा आवडला की त्याने अल्बमचं नाव काढलं नाही. मॅडमनी मात्र त्या भिंतीकडे कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

मुलगी पाचेक वर्षांची असेल तेव्हाचा तो वाढदिवस. मॅडम उठायच्या बेतात होत्या. पोरीने त्यांचा हात धरला आणि ओढत भिंतीपाशी नेलं. स्टुलावर चढून तिने फ्रेमवर बोट ठेवलं. “ही तुम्ही,” ती म्हणाली. “आजी सांगते, तुम्ही आईच्या लग्नाला होतात.”

प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दारात थांबली. मॅडम म्हणाल्या, “नव्हते गं बाळा. आईच्या लग्नाचे फोटो माझ्यामुळे गेले. हे लग्न नाही. हे नंतरचं आहे.”

इतक्या वर्षांत त्या घरात हे पुन्हा कोणी उच्चारलं नव्हतं. हिराबाय काहीतरी बोलायला गेली, पण पोरगी मध्येच बोलली. तिने बोट सरकवून शालूच्या निऱ्यांवर टेकवलं, तिथे जिथे त्या बसत नव्हत्या.

“पण ह्याच्यात मी हाय ना,” ती म्हणाली. “त्या पहिल्यात मी नव्हते.”

मॅडमनी चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत लावला. मग मान वर करून त्यांनी तो फोटो पाहिला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, सगळ्यांचे चेहरे. पोरगी स्टुलावर त्यांच्या खांद्याला धरून उभी होती.

“रिफ्लेक्टर जरा वाकडा धरला होता मी,” म्हात्रे मॅडम म्हणाल्या.